कोऱ्या पुस्तकाचा प्रकाशक

१९६४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरी युरोप-अमेरिकेतले डझनभर नामवंत प्रकाशक जमले होते. निमित्त होते एका कादंबरीच्या गौरवाचे. कादंबरीकाराचे नाव होर्हे सेम्प्रुन. हा मूळचा स्पॅनिश माणूस. यादवी युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या घरातला, तरुणपणी बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेला. त्या छावणीकडे नेणाऱ्या रेल्वेच्या बंद डब्यातल्या प्रवासावर त्याने फ्रेंच भाषेत कादंबरी लिहिली आणि तिला फोर्मेंतोर पारितोषिक मिळाले. या पारितोषिकाची रीत अशी, की विजेती कादंबरी त्यात सामील असलेल्या सगळ्या प्रकाशकांनी आपापल्या भाषेत काढायची. समारंभात एकेक प्रकाशक पुढे येत होता आणि आपल्या भाषेतली प्रत लेखकाच्या हाती ठेवत होता. बार्सिलोनाच्या कार्लोस बार्रालची पाळी आली. त्यानेही प्रत दिली. वर कव्हर होते, आकार आणि बांधणी रीतसर होती. सेम्प्रुनने पुस्तक उघडले, तर आतली सगळी पाने कोरी.

जनरल फ्रँकोच्या सेन्सॉरने स्पेनमध्ये ही कादंबरी छापायला बंदी केली होती. बार्रालने ती मेक्सिकोत छापण्याची व्यवस्था केली होती, पण तिथली प्रत वेळेवर तयार झाली नाही. लेखकाला त्याच्या मातृभाषेतले पुस्तक द्यायचे, तर तेवढे एकच नव्हते. मग बार्रालने कोरे पुस्तक बांधून घेतले आणि तेच दिले. पुढे तीस वर्षांनी, १९९४ साली, सेम्प्रुनने आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आणि तो जगाला कळला.

मी ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा नोकरीत होतो. माझी बत्तीस वर्षे बँकेत गेली. कादंबऱ्या मी रात्री लिहिल्या आणि दिवसा लोकांचे ताळेबंद वाचले. त्यामुळे असा प्रसंग वाचला की माझ्यातला लेखक गहिवरतो आणि त्याच वेळी माझ्यातला अधिकारी विचारतो, की या माणसाच्या धंद्याचे पुढे काय झाले? आज या दोघांनाही बोलू द्यायचे ठरवले आहे. कारण कार्लोस बार्रालच्या आयुष्याकडे एकट्या लेखकाच्या नजरेने पाहिले तर ती एका शूर संपादकाची कथा होते आणि एकट्या बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर एका बुडीत खात्याची. दोन्ही अर्धीच आहेत असे माझे मत आहे.

*

बार्रालचा जन्म १९२८ सालचा, बार्सिलोनाचा. सेश आणि बार्राल या दोन कुटुंबांनी मिळून १९११ साली एक छापखाना काढला होता. शाळेची पुस्तके, मुलांसाठी कापून जोडायची कागदी खेळणी, छपाईची बाहेरची कामे असा तो सुस्थितीतला धंदा. साहित्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. कार्लोस लहान असतानाच वडील गेले. पोरगा जेझुइटांच्या शाळेत शिकला, कायद्याची पदवी घेतली आणि १९५० च्या सुमारास घरच्या पेढीत येऊन बसला. डोक्यात मात्र कविता होती. १९५७ साली त्याचा पहिला महत्त्वाचा संग्रह आला आणि पुढे स्पेनमध्ये त्या पिढीच्या कवींत त्याचे नाव कायम घेतले गेले. मित्रही तसेच. त्यातला हाइमे हिल दे बिएद्मा हा मोठा कवी फिलिपिन्सशी तंबाखूचा व्यापार करणाऱ्या कंपनीत अधिकारी होता आणि कामानिमित्त मनिलाच्या फेऱ्या करी. दिवसा कंपनीची पत्रे आणि रात्री कविता. हे वाचून मला, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

अशा घरात आपल्याकडे काय झाले असते? मुलाला समजावले असते, की बाबा रे, कविता कर, पण छापखान्यात शाळेची पुस्तकेच छाप. तिथे तसे झाले नाही. त्याचे श्रेय मी दोन माणसांना देतो. एक जोआन पेतित. हा वयाने मोठा, लॅटिनचा जाणकार, अफाट वाचलेला माणूस. त्याने या तरुण मालकाच्या उत्साहाला शिस्त लावली. दुसरा व्हिक्तोर सेश. भागीदार घराण्यातला वारस आणि पेढीच्या कारभाराचा माणूस. बार्रालवर लिहिणारे बहुतेक लोक सेशचे नाव एका ओळीत उरकतात. माझा आजचा लेख खरे तर त्या ओळीविरुद्धची तक्रार आहे. पण ते पुढे येईलच.

१९५५ साली या पेढीने 'बिब्लिओतेका ब्रेवे' ही माला सुरू केली. नावाचा अर्थ 'छोटे ग्रंथालय'. फ्रान्समध्ये तेव्हा रॉब-ग्रिये, मिशेल ब्यूतोर ही मंडळी कादंबरीची मोडतोड करत होती. ते सगळे या मालेतून स्पॅनिशमध्ये येऊ लागले. यादवी युद्धानंतर स्पेनची दारे-खिडक्या बंद होती. बाहेरचे वाङ्मय आत येत नव्हते आणि आतले बाहेर जात नव्हते. त्या बंद घरातली ही एक खिडकी होती. तिचा खर्च कोण भागवत होते? शाळेची पुस्तके आणि छपाईची कामे. हा हिशेब लक्षात ठेवावा.

*

इथे माझी एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९८९ साली मी एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एक गृहस्थ कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला आले. पुस्तक प्रकाशक. छोटासाच व्याप, पण यादी अशी की कुणाही वाचणाऱ्या माणसाने मान लवावी. मी त्यांच्या गोडाऊनची तपासणी केली. छतापर्यंत गठ्ठे रचलेले. त्यांनी दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये प्रत्येक पुस्तक छापील किमतीला धरले होते. आमच्या वरच्या कार्यालयाने कळवले, की न खपलेली पुस्तके हे तारण म्हणून कागदाच्या भावाने धरावे. म्हणजे रद्दीच्या. मी तसा हिशेब केला, मार्जिन वजा केले आणि अर्ज नामंजुरीच्या शिफारशीसह पाठवून दिला. माझे गणित बिनचूक होते. गृहस्थ काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी विचारले, "साहेब, यातली दोन पुस्तके तुमच्या घरी आहेत ना?" होती. चार होती.

त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे बार्सिलोनात कार्लोस बार्राल वारला. मला तेव्हा त्याचे नावही ठाऊक नव्हते.

*

आता सेन्सॉरचे पाहू. स्पेनमध्ये १९३८ च्या कायद्याने छापण्यापूर्वीच परवानगी घेण्याची सक्ती होती. हे खाते पन्नाशीपासून माहिती आणि पर्यटन मंत्रालयाकडे होते. एका हाताने परक्यांना 'या या' म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने घरच्यांचे तोंड दाबायचे, अशी ती सोय. हस्तलिखित आले की ते नेमलेल्या वाचकाकडे जाई आणि वाचकासमोर छापील फॉर्म असे. पुस्तक धर्मतत्त्वांवर हल्ला करते का? नीतीवर करते का? चर्चवर किंवा धर्मगुरूंवर? राजवटीवर आणि तिच्या संस्थांवर? राजवटीशी सहकार्य करणाऱ्या व्यक्तींवर? मी आयुष्यभर असे फॉर्म भरले आहेत. प्रश्न वेगळे होते, पण जात तीच. फॉर्मचा गुण असा, की भरणाऱ्याला स्वतःचे मत असण्याची गरज उरत नाही.

अशा व्यवस्थेत पुस्तके काढायची तर दोन वाटा. एक, देश सोडून जायचे. अनेक स्पॅनिश प्रकाशक मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात गेले आणि तिथे त्यांनी उत्तम संस्था उभ्या केल्या. दुसरी वाट म्हणजे तिथेच राहून घासाघीस करायची. बार्रालने दुसरी निवडली. तिचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे मारिओ वार्गास योसाची पहिली कादंबरी.

पेरू देशातला हा सव्वीस वर्षांचा मुलगा पॅरिसला पोटासाठी नाना कामे करत होता. लिमाच्या लष्करी शाळेतल्या मुलांच्या जगण्यावर त्याने दांडगी कादंबरी लिहिली होती आणि ती कुणी छापायला तयार नव्हते. फिरत फिरत बाड बार्सिलोनाला आले. तिथेही पहिल्या वाचकाचा अभिप्राय प्रतिकूल होता. कंटाळवाण्या दुपारी बार्रालने ते बाड सहज उचलले आणि मग त्याला खाली ठेवता येईना. पॅरिसला जाऊन त्याने त्या मुलाची गाठ घेतली आणि हस्तलिखित आपल्या बिब्लिओतेका ब्रेवे पारितोषिकासाठी पाठवायला लावले. १९६२ चे पारितोषिक त्याला मिळाले.

प्रतिकूल अभिप्राय जोडलेले बाड मालकाने स्वतः उघडणे, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. खालच्याने 'नाही' लिहिलेली फाइल वरचा माणूस सहसा उघडतच नाही. उघडली आणि 'हो' म्हटले, तर पुढची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर येते. मी किती फायली अशा उघडल्या, ते मला माहीत आहे. संख्या सांगण्यासारखी नाही.

पारितोषिक मिळाले, पण परवानगी कुठे होती? लष्करी शाळेची निंदा आणि तीही लष्कराच्या राज्यात. सुमारे वर्षभर बोलणी चालली. सेन्सॉर खात्याचा प्रमुख कार्लोस रोब्लेस पिकेर हा मंत्र्याचा मेव्हणा. माद्रिदमध्ये जेवणाच्या टेबलावर लेखक, प्रकाशक आणि सेन्सॉर समोरासमोर बसले. शेवटी आठ जागी शब्द बदलायचे ठरले. त्यातली एक जागा योसा पुढे आयुष्यभर रंगवून सांगत असे. कादंबरीत शाळेच्या कर्नलचे पोट देवमाशासारखे आहे असे म्हटले होते. हा सैन्याचा अपमान ठरला. मग 'देवमासा' काढून तिथे त्याच प्राण्याचे प्राणिशास्त्रातले भारदस्त कुलनाम घातले. सैन्याची अब्रू वाचली. पारितोषिक समितीवरचे प्राध्यापक होसे मारिया वाल्वेर्दे यांची प्रस्तावना ढाल म्हणून पुढे जोडली आणि १९६३ साली पुस्तक बाहेर आले. पुढच्या आवृत्तीत बार्रालने ते आठही शब्द गुपचूप मूळ जागी बसवले.

१९६३ हे साल वाचून मराठी वाचकाला काही आठवेल. त्याच वर्षी पुण्यात देशमुख आणि कंपनीने पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' काढली. रा. ज. देशमुखांनी त्या मुलामागे लागून ती लिहवून घेतली. दोन्ही ठिकाणी वयाने मोठ्या माणसाने एका अनोळखी पोरावर पैसे लावले आणि त्या भाषेतली कादंबरी बदलली. देशमुखांसमोर सेन्सॉर नव्हता, एवढाच फरक. पैसे लावण्यातला धोका तोच होता.

*

बार्रालने आठ शब्दांची तडजोड केली ती योग्य होती का? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. आपल्याला तडजोड न करणारी माणसे आवडतात, विशेषतः ती दूरच्या देशातली असली म्हणजे. पण बार्राल अडून बसला असता, तर ती कादंबरी स्पेनच्या वाचकाला बारा-तेरा वर्षे मिळाली नसती. आणि दुसरीकडे तो प्रत्येक वेळी आठ शब्द देत गेला असता, तर दहा वर्षांत त्याच्याकडे देण्यासारखे शब्दच उरले नसते. त्याचे मोठेपण मला इथे दिसते, की कुठे शब्द द्यायचा आणि कुठे सगळे पुस्तकच कोरे ठेवायचे, हे त्याला कळत होते. योसाच्या वेळी आठ शब्द गेले तरी कादंबरी उरत होती. सेम्प्रुनच्या वेळी बंदी पूर्ण होती, तिथे घासाघीस करायला जागाच नव्हती. तेव्हा त्याने गप्प न बसता ती बंदी सगळ्या जगासमोर बांधून ठेवली. निवेदन काढले असते तर दुसऱ्या दिवशी विसरले गेले असते.

फोर्मेंतोर पारितोषिकाची कल्पनाही अशाच धूर्त धाडसातून आली. मायोर्का बेटावरच्या फोर्मेंतोर या हॉटेलात १९५९ साली आधी कवींचे आणि मग कादंबरीकारांचे संमेलन भरले. त्यातून इटलीचा एनाउदी, फ्रान्सचा गालिमार, जर्मनीचा रोव्होल्ट, लंडनचा वायडेनफेल्ड, न्यूयॉर्कचे ग्रोव्ह प्रेस अशा बड्या मंडळींना बार्रालने गोवले. दोन पारितोषिके ठरली. नव्या कादंबरीसाठी फोर्मेंतोर आणि मान्यवर लेखकासाठी आंतरराष्ट्रीय पारितोषिक. दुसऱ्याची रक्कम दहा हजार डॉलर. १९६१ साली पहिले आंतरराष्ट्रीय पारितोषिक दोघांत विभागून दिले. एक सॅम्युएल बेकेट आणि दुसरे अर्जेंटिनाचे होर्हे लुईस बोर्हेस. बोर्हेस तेव्हा साठी ओलांडलेले होते, दृष्टी गेलेली होती आणि स्पॅनिश जगाबाहेर त्यांना मोजकेच लोक ओळखत होते. या पारितोषिकानंतर त्यांची भाषांतरे भराभर होऊ लागली. आज आपण बोर्हेस वाचतो, त्यात एका बेटावरच्या त्या हॉटेलातल्या वादावादीचा वाटा आहे.

राजवटीला हे आवडणे शक्य नव्हते. १९६२ साली एनाउदीने इटलीत स्पेनमधल्या प्रतिकाराच्या गाण्यांचा संग्रह छापला. स्पेनने एनाउदीला देशबंदी केली. पारितोषिकाचे बिऱ्हाड हलले. १९६३ ला ग्रीसमधले कोर्फू बेट, १९६४ ला साल्झबुर्ग. मायोर्कात सुरू झालेले स्पॅनिश पारितोषिक स्पेनमध्ये देता येत नव्हते. ते कोरे पुस्तक म्हणजे त्या निर्वासित पारितोषिकाचेच अपत्य होते.

*

मग १९६७ साल आले आणि व्हिक्तोर सेश जर्मनीत अपघातात गेला. ट्रामखाली सापडला. जोआन पेतित १९६४ सालीच वारला होता. तिघांतला एकटा बार्राल उरला.

पुढचे तीन वर्षांत घडले. सेश गेल्यावर भागीदारांत बेबनाव वाढला. बार्रालची निवड त्यांना परवडेनाशी झाली म्हणा, किंवा बार्रालला त्यांचे प्रश्न ऐकून घेणे परवडेनासे झाले म्हणा. बार्राल हिशेबाच्या बाबतीत ढिसाळ होता, पत्रांना वेळेवर उत्तरे देत नसे आणि दर्याचे वेड असे, की कालाफेल या कोळ्यांच्या गावातल्या आपल्या घरी गेला की बोटीतून बाहेर यायला तयार नसे. हे सगळे खरे धरून चालू. १९७० साली तो आपल्याच घराण्याच्या पेढीतून बाहेर पडला. त्या वर्षी चिलीच्या होसे दोनोसोच्या कादंबरीला पारितोषिक मिळायचे होते. या भांडणात ते जाहीरच झाले नाही.

आणि पेढीचे नाव? ते 'सेश बार्राल'च राहिले. आजही आहे. माणूस बाहेर गेला, आडनाव पुस्तकांच्या पाठीवर राहिले. ट्रेडमार्क ही मालमत्ता असते आणि ती कंपनीची असते. कायद्याने यात काहीच चूक नाही.

बार्रालने त्याच वर्षी 'बार्राल एदितोरेस' काढली. आल्फ्रेदो ब्राइसे एचेनिकेसारखे नवे लेखक आणले. बार्सिलोनाच्या छोट्या प्रकाशकांनी मिळून वितरणाची सामाईक संस्था उभी केली, तिच्यात तो होता. यादी उत्तम होती, मित्र थोर होते, नाव जगभर होते. सत्तरीचे दशक संपायच्या आत संस्था मिटली. शाळेच्या पुस्तकांचा आधार आता नव्हता आणि समोरच्या खोलीत व्हिक्तोर सेश बसलेला नव्हता.

माझा मुद्दा इथे आहे. चांगले प्रकाशनगृह कधीही एका माणसाचे नसते. एक माणूस निवडणारा लागतो. त्याला नाक असते, हट्ट असतो, वेळेचे आणि पैशाचे भान नसते. दुसरा लागतो तो हिशेब जाणणारा, पण पहिल्याच्या नाकावर विश्वास ठेवणारा. तो पहिल्याला 'नाही' म्हणू शकतो आणि तरी महिन्यातून तीन वेळा 'हो' म्हणतो. छापखान्याच्या नफ्यातून चार न खपणाऱ्या कादंबऱ्यांचा कागद तोच मंजूर करतो. त्याच्या नावाने पारितोषिक नसते. वाङ्मयाच्या इतिहासात तो एका ओळीत येतो आणि ती ओळही त्याच्या मृत्यूची असते. मी बँकेतला माणूस असल्यामुळे असेल, पण साल्झबुर्गचे ते कोरे पुस्तक वाचताना मला वाटून गेले, की त्याच्या बांधणीचे बिल पेढीत कुणीतरी पास केले असणार. त्या सहीला मी नमस्कार करतो.

*

बार्रालच्या नावाला एक दंतकथा कायमची चिकटली आहे, की त्याने गार्सिया मार्केझची 'एकाकीपणाची शंभर वर्षे' नाकारली. १९६७ साली ती ब्वेनोस आयरेसच्या सुदामेरिकाना या प्रकाशनाने काढली आणि तिने इतिहास घडवला. आपण ते हस्तलिखित कधी वाचलेच नव्हते, असे बार्राल शेवटपर्यंत सांगत राहिला. लोकांनी ऐकले नाही. इतका मोठा संपादक इतक्या मोठ्या पुस्तकाला 'नाही' म्हणाला, ही गोष्ट सांगायला गोड आहे, म्हणून ती टिकली. गंमत अशी, की १९७२ साली मार्केझचा 'एरेंदिरा' हा कथासंग्रह बार्रालच्याच नव्या संस्थेने काढला. ज्याने खरोखर नाकारले असते, त्याला लेखकाने पुढचे पुस्तक दिले असते का?

बार्रालने 'हो' म्हटलेली नावे मात्र कुणी मोजत नाही. दागिने घडवण्याच्या दुकानात काम करणारा, तेराव्या वर्षी शाळा सुटलेला हुआन मार्से आपली पहिली कादंबरी घेऊन याच पेढीत आला. १९६५ चे पारितोषिक त्याला मिळाले आणि २००८ साली स्पॅनिश भाषेतला सर्वोच्च असा सेर्वांतेस सन्मानही. त्या लष्करी शाळेतल्या मुलाला २०१० साली नोबेल मिळाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो लिमात वारला, तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांत ती १९६३ ची कादंबरी पहिल्या दोन-चार ओळींत होती. बेकेटला बार्रालच्या मंडळींनी १९६१ साली निवडले, नोबेलला १९६९ साल उजाडले.

शेवटची वर्षे बार्रालने आठवणी लिहिण्यात घालवली. तीन खंड झाले. पहिला फ्रँको गेल्याच्या वर्षी, १९७५ ला आला आणि शेवटचा १९८८ ला. लोकशाही आल्यावर तो समाजवादी पक्षातर्फे १९८२ साली सिनेटवर निवडून गेला, पुढे युरोपीय संसदेतही बसला. त्याच १९८२ साली सेश बार्राल ही पेढी प्लानेता या बलाढ्य समूहाने विकत घेतली. आणि होर्हे सेम्प्रुन, ज्याच्या हाती कोरे पुस्तक पडले होते, तो १९८८ साली स्पेनचा सांस्कृतिक मंत्री झाला. त्याची कादंबरी फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९७६ साली, स्पेनमध्ये स्पॅनिशमधून निघालीच होती. प्रकाशक सेश बार्राल. बार्राल तेव्हा तिथे नव्हता.

बार्रालनंतरच्या पिढीत बार्सिलोनाच्याच होर्हे एरालदेने हे गणित जास्त शहाणपणाने सोडवले. हा शिक्षणाने इंजिनिअर. १९६९ साली त्याने 'अनाग्रामा' काढली, चाळीसहून अधिक वर्षे स्वतः निवडही केली आणि हिशेबही ठेवला. म्हातारपणी विकायची वेळ आली तेव्हा त्याने फेल्त्रिनेल्ली हे साहित्यच काढणारे इटालियन घराणे शोधले. व्यवहार २०१७ साली पुरा झाला. दोन्ही माणसे एकाच डोक्यात असणे हे भाग्य आहे. पण ते विरळा आहे. त्याच्या भरवशावर कुठल्याही भाषेचे वाङ्मय चालत नाही.

आज बहुतेक ठिकाणी निवडणारा आणि हिशेब करणारा यांच्या खुर्च्यांची अदलाबदल झाली आहे. हिशेब करणारा वर बसतो आणि निवडणारा त्याला दर तिमाहीला उत्तर देतो. व्हिक्तोर सेशसारखा हिशेबनीस दुर्मिळ झाला, हे मला बार्रालसारखा संपादक दुर्मिळ होण्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते. वेडी माणसे प्रत्येक पिढीत जन्मतातच. त्यांच्या वेडाला कर्ज देणारी माणसे जन्मत नाहीत, ती घडवावी लागतात. आणि आता इथे राज्याचा सेन्सॉर नाही म्हणून पाने कोरी राहायची थांबली आहेत, असेही नाही. जे पुस्तक 'खपणार नाही' म्हणून हस्तलिखितातच राहिले, त्याची पाने वाचकासाठी कोरीच असतात. त्याला मात्र कव्हरसुद्धा मिळत नाही.

ते प्रकाशक गृहस्थ पुन्हा आमच्या शाखेत आले नाहीत. काही वर्षांनी संस्था बंद झाली आणि गोडाऊनमधले गठ्ठे खरोखरच वजनावर गेले. म्हणजे आमच्या वरच्या कार्यालयाने धरलेला भाव अखेर बरोबरच ठरला, असे कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षे स्वतःला तेच सांगितले. पण खरी गोष्ट अशी आहे, की त्यांची ती चार पुस्तके अजून माझ्या कपाटात आहेत. गेल्या आठवड्यात नातीने त्यातले एक काढून वाचायला घेतले. तिसऱ्या दिवशी विचारत होती, "आजोबा, यांची आणखी कुठे मिळतील?"

मी तिला काय उत्तर देणार? शिफारस तर मीच लिहिली होती.